सर, तुमचा लॅपटॉप घेऊनच या

कॉलेजातल्या परिषदेच्या आयोजकांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं की स्टेजवर एकच लॅपटॉप राहील, कॉलेजचा, आणि सगळ्या वक्त्यांनी आपलं प्रेझेंटेशन पेन ड्राइव्हमध्ये आणायचं. म्हणजे गोंधळ नको. मला फक्त साउंड आणि शूटिंगचा भाव सांगायला बोलावलं होतं, मध्ये बोलायची माझी जागा नव्हती. तरी बोललो. म्हटलं, सर, गोंधळ होतो तो पेन ड्राइव्हमुळेच. ज्याचा त्याचा लॅपटॉप येऊ द्या, जोडून द्यायची जबाबदारी माझी.

विभागप्रमुखांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही लग्नाच्या ऑर्डरी घेता नं?"

"हो सर. तिथंही नवरदेव ज्याचा त्यालेच आणा लागते."

सगळे हसले, पण मानलं कोणी नाही. शेवटी मधला तोडगा निघाला. कॉलेजचा लॅपटॉप स्टेजवर राहीलच, ज्याला आपला आणायचा त्यानं आणावा, आणि काही बिघडलं तर साउंडवाल्याला पकडायचं. मला चाललं. तसंही नियम कोणताही असला तरी पकडतात साउंडवाल्यालाच.

माझं दुकान दारव्ह्याला, यवतमाळ जिल्ह्यात. वडिलांच्या काळात ते लाउडस्पीकरचं दुकान होतं. अहुजाचा ॲम्प्लिफायर, दोन भोंगे आणि सायकलच्या कॅरिअरला बांधलेली बॅटरी. पोळा, शंकरपट, ग्रामपंचायतीची इलेक्शन, सगळीकडे तेच. आता मिक्सर आहे, कॉलर माइक आहेत, कॅमेरे आहेत. लग्नसराई संपली की हात रिकामे असतात, म्हणून इंजिनिअरिंग कॉलेज, पॉलिटेक्निक, कृषी विज्ञान केंद्र, जिथून बोलावणं येईल तिथल्या परिषदा घेतो. ही परिषद शेतीतल्या तंत्रज्ञानावर होती. फवारणीचे ड्रोन, मातीतला ओलावा मोजणारे सेन्सर, फोटोवरून बोंडअळी ओळखणारं सॉफ्टवेअर. नागपूर, अकोला, पुण्याहून लोक येणार होते. ऐकायला विद्यार्थी तर होतेच, पण आजूबाजूच्या गावचे शेतकरीही येणार होते, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटत होतं.

पेन ड्राइव्हचं माझं दुखणं काय ते सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे फॉन्ट. आपल्याकडच्या जुन्याजाणत्या लोकांच्या स्लाइड अजून कृती देवमध्ये, नाहीतर श्रीलिपीमध्ये टाइप केलेल्या असतात. हे युनिकोडच्या आधीचे फॉन्ट. फायलीत मराठी अक्षर साठवलेलंच नसतं, इंग्रजी कळांची अक्षरं साठवलेली असतात आणि फॉन्ट ती मराठीसारखी दाखवतो. ज्या लॅपटॉपमध्ये तो फॉन्ट नाही तिथं 'कापूस'च्या जागी डी, के, आय, डब्ल्यू, एल अशी पाच अक्षरं पडद्यावर उभी राहतात. मागं एका कार्यशाळेत एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांच्या पहिल्याच स्लाइडला हे झालं. ते शांतपणे म्हणाले, "मी काय लिहिलं ते मला माहीत आहे, तुम्ही ऐका," आणि पडद्याकडे पाठ करून पूर्ण भाषण दिलं. उत्तम बोलले. रेकॉर्डिंगमध्ये मात्र शेवटपर्यंत डी के आय डब्ल्यू एल आहे.

दुसरी गोष्ट व्हिडिओ. वक्त्यानं शेतात आयफोनवर काढलेला व्हिडिओ त्याच्या मशीनवर मस्त चालतो. तो बहुतेक एचईव्हीसी प्रकारचा असतो, आणि कॉलेजच्या विंडोजमध्ये त्यासाठी लागणारा कोडेक, म्हणजे तो व्हिडिओ उलगडणारं सॉफ्टवेअर, नसला की आवाज येतो, चित्र येत नाही. तिसरी गोष्ट डेमो. सेन्सरचा बोर्ड यूएसबीला लावून "आता बघा, माती ओली केली की आकडा कसा बदलतो" असं दाखवायचं असेल तर ते पेन ड्राइव्हमध्ये कसं येणार? त्या बोर्डाचा ड्रायव्हर, ते सॉफ्टवेअर, त्याच्या सेटिंगा, सगळं त्या माणसाच्या लॅपटॉपमध्ये बसवलेलं असतं. आणि चौथी गोष्ट आपल्या कॉलेजांची जुनी बिमारी, शॉर्टकट व्हायरस. पेन ड्राइव्ह लावला की फोल्डर गायब, त्यांच्या जागी शॉर्टकट. एका वक्त्याचा पेन ड्राइव्ह लागला की त्याच्यामागून येणाऱ्या सगळ्यांना प्रसाद.

त्यामुळे मी वक्त्यांची यादी मागितली आणि प्रत्येकाला एक मेसेज पाठवला. त्यात पोर्ट कोणता, रिझोल्यूशन किती असलं काही विचारलं नाही. तसं विचारलं की उत्तर येतं, "नॉर्मल आहे". त्याऐवजी लिहिलं, सर, मॅडम, लॅपटॉपच्या दोन्ही बाजूंचा एकेक फोटो काढून पाठवा, आणि स्लाइडांची एक पीडीएफ कॉपीही. बस. फोटो पाहिला की मला सगळं कळतं. एचडीएमआयचं भोक आहे की नाही, की नुसते दोन यूएसबी-सी आहेत, की जुन्या लॅपटॉपचा निळा व्हीजीए आहे. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच घातलेला असतो, त्यामुळे कृती देव असला तरी अक्षर शाबूत राहतं. सगळं फसलं तर निदान पीडीएफ दाखवता येते.

यूएसबी-सीचा एक घोळ आहे, तो आपल्याकडे फार जणांना माहीत नाही. भोक सारखं दिसलं म्हणून प्रत्येकातून चित्र बाहेर येतंच असं नाही. काही पोर्ट नुसते चार्जिंगचे आणि डेटाचे असतात. पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टचं चिन्ह किंवा थंडरबोल्टची वीज काढलेली असेल तर बहुतेक काम होतं. काहीच नसेल तर आधी लावून पाहावं लागतं. पुण्याच्या एका वक्त्याच्या लॅपटॉपला नेमकं असंच होतं. दोन यूएसबी-सी, चित्र एकातूनच. डावीकडच्या. त्याला स्वतःलाही ते माहीत नव्हतं, कारण ऑफिसात तो बिनतारी स्क्रीनवर दाखवतो.

ॲडॉप्टर आमच्याकडे लगेच मिळत नाहीत. दारव्ह्यात मोबाईलची दुकानं पायलीभर आहेत, पण यूएसबी-सी ते एचडीएमआय मागितलं की पोरगा यवतमाळचा पत्ता सांगतो, यवतमाळवाला नागपूरच्या सीताबर्डीचा. म्हणून माझी एक स्टीलची पेटी आहे, तिच्यात एकेक प्रकारचे दोन-दोन ठेवतो. आणि ते सगळे नाड्यानं केबलला बांधलेले असतात. पोडियमवरच्या केबलच्या टोकाला गुच्छच लटकतो. वक्त्यांना ते जरा विचित्र दिसतं, एका मॅडमनी विचारलंही, "दृष्ट लागू नये म्हणून का?" पण सुटा ॲडॉप्टर वक्त्याच्या लॅपटॉपला लागून त्याच्या बॅगेत जातो आणि तिथून थेट पुण्याला. मुद्दाम कोणी नेत नाही. भाषण झाल्यावर माणूस घाईत असतो, लोक भोवती जमलेले असतात, समोर दिसेल ते बॅगेत भरतो.

स्टेजच्या मागच्या खोलीत, चहाच्या टेबलाच्या बाजूला, मी एक जुना मॉनिटर मांडला होता. हॉलमधल्यासारखीच केबल, तेच रिझोल्यूशन. चहा प्यायला आला की वक्ता आपसूकच सापडतो. पुतण्याला तिथं बसवलं. त्याला एकच ताकीद होती, समोरच्याच्या लॅपटॉपला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. "सर, विंडोज आणि पी दाबता का," असं म्हणायचं, आणि पासवर्ड टाकताना मान वळवायची. लॅपटॉप ही खाजगी वस्तू आहे. डेस्कटॉपवर पगाराची स्लिप असते, मुलीच्या ॲडमिशनचे कागद असतात, विद्यार्थ्यांचे मार्क असतात. नोटिफिकेशन बंद करा, व्हॉट्सॲप वेब बंद करा, झोपायची वेळ 'कधीच नाही'वर ठेवा, चार्जर लावा, हे सगळं तोंडानं सांगायचं आणि त्यांनी करायचं. दोन मिनिटं जास्त लागतात. पण भर हॉलमध्ये स्क्रीनवर "येताना दूध आणजा" उमटत नाही.

पुतण्या पहिल्या दिवशी सकाळीच धावत आला. "काका, एक लॅपटॉप काहून दिसून नाही राहिला? हॉलात दिसते, आपल्याकडे काळं."

तो ॲपलचा होता, आणि हे मला अपेक्षित होतं. वक्त्याच्या लॅपटॉपमधून निघालेला सिग्नल स्प्लिटरमध्ये जातो, तिथून एक फाटा प्रोजेक्टरला आणि दुसरा माझ्या कॅप्चर कार्डाला, म्हणजे रेकॉर्डिंगसाठी चित्र पकडणाऱ्या यंत्राला. काही लॅपटॉप समोरच्या यंत्राला चालत असेल तर सिग्नलला कुलूप लावूनच पाठवतात. सिनेमांची चोरी होऊ नये म्हणून काढलेली ही सोय, एचडीसीपी नावाची. प्रोजेक्टरकडे किल्ली असते, कॅप्चर कार्डाकडे नसते. हॉलला स्लाइड दिसते, रेकॉर्डिंगला अंधार. अशा वेळी मी हॉलचं चित्र अजिबात हलवत नाही. एक कॅमेरा पडद्यावर वळवतो, वक्ता कोणती स्लाइड कधी बदलतो ते त्यात नोंदलं जातं, आणि नंतर एडिटिंगला पीडीएफमधून स्लाइड घालतो. ती पीडीएफ कशाला मागितली ते वक्त्यांना तेव्हा कळतं.

प्रोजेक्टरचीही एक कथा होती. कॉलेजचा प्रोजेक्टर जुना, १०२४ बाय ७६८ चा, चौकोनी चित्राचा. माझं कॅप्चर कार्ड १९२० बाय १०८० चं. केबल जोडल्याबरोबर लॅपटॉप समोरच्याला विचारतो, तुला काय जमतं? त्या उत्तराला ईडीआयडी म्हणतात. मध्ये स्प्लिटर बसला की तो दोघांपैकी कोणाचं उत्तर पुढं पाठवेल ते त्याच्या मर्जीवर. कार्डाचं पाठवलं तर लॅपटॉप मोठं चित्र देतो आणि प्रोजेक्टर बोंबलतो. मी सगळ्यांना १२८० बाय ७२० वर आणलं. ते दोघांनाही पचतं, अक्षरं वाचता येतात, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला फरकही कळत नाही. एका प्राध्यापकांना हे फार कमी वाटलं, ते म्हणाले आमच्या घरचा टीव्हीसुद्धा फोर-के आहे. असेल.

आता विजेचं. आमच्याकडे लाइट जाणार हे धरूनच कामाला लागावं लागतं. कॉलेजचा जनरेटर होता, त्याचा ऑपरेटर म्हणाला, "भाऊ, टेन्शन नका घेऊ, दहा सेकंदात उचलते." उचलतोही. पण प्रोजेक्टरच्या दिव्याला दहा सेकंद पुरत नाहीत. तो दिवा तापलेला असताना विझला की थंड झाल्याशिवाय परत पेटत नाही, काही मिनिटं जातात, आणि वरून पंखा न चालता विझल्यामुळं दिव्याचं आयुष्य कमी होतं. म्हणून यूपीएसवर पहिला हक्क प्रोजेक्टरचा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, त्याला यूपीएस कशाला? लोक नेमकं उलटं करतात. दुसरा हक्क मिक्सर आणि रेकॉर्डरचा.

रेकॉर्डिंग ओबीएस नावाच्या सॉफ्टवेअरवर करतो. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि आपल्या कामाला पुरून उरतं. त्यात फाइल एमकेव्ही प्रकारात ठेवायची, साध्या एमपी-फोरमध्ये नाही. साध्या एमपी-फोरमध्ये फायलीची सगळी अनुक्रमणिका अगदी शेवटी लिहिली जाते, त्यामुळं मध्येच मशीन बंद पडलं की तासाभराची फाइल असूनही उघडत नाही. एमकेव्ही जिथं तुटली तिथपर्यंत शाबूत राहते, नंतर ओबीएसमधूनच तिची एमपी-फोर करून घेता येते. लग्नाचे कॅमेरेही परिषदेत फसवतात. फोटोच्या बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांत व्हिडिओ २९ मिनिटं ५९ सेकंदांना आपोआप थांबतो. युरोपात अर्धा तास किंवा जास्त शूट करणाऱ्या यंत्रावर व्हिडिओ कॅमेऱ्याची जकात लागायची, ती चुकवायला कंपन्यांनी ही मर्यादा टाकली, आणि ती भोगायची दारव्ह्याच्या माणसानं. मंगलाष्टकं तेवढ्यात आटोपतात. भाषण नाही आटोपत.

या सगळ्या चित्राच्या गोष्टी झाल्या. माझं मत विचाराल तर त्यांना एवढा भाव देऊ नये. स्लाइड थोडी पुसट असली तरी माणूस पाहतो, आवाज घुमला तर दोन मिनिटांत बंद करतो. आणि आवाजाचे शत्रू विदर्भात वेगळेच आहेत.

पहिला शत्रू कूलर. फेब्रुवारी संपत आला की हॉलच्या खिडक्यांत मोठे लोखंडी कूलर बसतात, वाळ्याच्या ताट्यांचे. त्यांचा आवाज लोकांच्या कानाला सवयीचा, माइकला नाही. रेकॉर्डिंग ऐकलं तर वक्ता एखाद्या धबधब्याखाली उभा राहून बोलतोय असं वाटतं. बंद करा म्हटलं तर लोक मारतील. मी स्टेजच्या जवळचे दोन बंद करवले, मागचे चालू ठेवले, आणि माइक वक्त्याच्या तोंडाच्या शक्य तितका जवळ आणला. पोडियमवरचा गुजनेक, म्हणजे लांब वाकत्या मानेचा, माइक काढूनच टाकला, कारण वक्ता पडद्याकडे वळला की त्याचा आवाज जातो आणि कूलरचा येतो. प्रत्येकाला कॉलर माइक.

दुसरा शत्रू सत्कार. आमच्याकडे वक्त्याला बोलू द्यायच्या आधी शाल आणि श्रीफळ द्यावंच लागतं. मी माइक नीट लावलेला असतो, कॉलरच्या खाली चार बोटं, तार शर्टाच्या आतून. तेवढ्यात अध्यक्ष येतात आणि त्यावर शाल पांघरतात. वक्ता बिचारा लाजेनं ती शाल खांद्यावरच ठेवून बोलायला लागतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक श्वासाला खसखस. आता मी आयोजकांना आधीच सांगतो, माइक सत्कारानंतर लागेल, तोवर निवेदकाचा हँड माइक वापरा. एवढं केलं तरी अर्धं काम होतं. साडीवर माइक कुठं लावायचा हाही प्रश्न असतो. पदराच्या काठावर लावला तर हलतो, ब्लाउजच्या गळ्याशी लावला तर मंगळसूत्र त्यावर टिकटिक वाजतं. मी माइक आणि क्लिप मॅडमच्या हातात देतो, सांगतो की मंगळसूत्राच्या बाजूला, पदराच्या पिनेजवळ, आणि ट्रान्समीटर कमरेला. मग हेडफोन लावून ऐकतो. टिकटिक आली तर एवढंच म्हणतो, "मॅडम, जरा डावीकडं."

तिसरा शत्रू गुणगुण. लॅपटॉपमधून व्हिडिओचा आवाज मिक्सरला घ्यायचा म्हणून हेडफोनच्या भोकात केबल लावली की स्पीकरमधून हूऽऽ असा आवाज सुरू. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ती गुणगुण तिचीच. चार्जरची पिन उपसली की आवाज गायब, लावली की हजर. याचं कारण अर्थिंग. लॅपटॉप एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या बोर्डावर, दोघांची अर्थिंग वेगवेगळ्या वाटेनं जमिनीत, आणि त्या दोन वाटांमध्ये केबलचा फेरा तयार होतो. आमच्या जुन्या इमारतींत तर तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं, मागं तार नसतेच. मग लॅपटॉपच्या धातूच्या पाठीला हात लावला की झिणझिण्या येतात. कॉलेजच्या इलेक्ट्रिशियनला बोलावून स्टेजचं बोर्ड तपासून घेतलं. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डावर आणले, आणि मध्ये डीआय बॉक्स घातला. डीआय बॉक्समध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, आवाज पलीकडं जातो, विजेची वाट मात्र तुटते. हे खरं तर प्रत्येक कॉलेजनं घेऊन ठेवावं असं यंत्र आहे. पण खरेदीच्या यादीत ते कधी येत नाही, प्रोजेक्टर येतो.

ड्रोनच्या सत्राला हॉल गच्च भरला होता. त्याचं कारण सांगायची गरज आमच्या जिल्ह्यात पडत नाही. २०१७ साली इथं कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. पाठीवर पंप न घेता फवारणी होते म्हटल्यावर लोक येणारच. वक्ता छान बोलला, आणि प्रश्नोत्तरं सुरू झाल्याबरोबर मागून एक काका उठले. माइकचा पोऱ्या पोचायच्या आत त्यांनी खड्या आवाजात विचारलं, "साहेब, दोन एकरवाल्याले हे परवडन काय?" हॉलला स्वच्छ ऐकू आलं. माझ्या हेडफोनला कूलरच ऐकू आला. वक्त्यानं उत्तर दिलं, चांगलं सविस्तर दिलं. पण प्रश्नच नसेल तर त्या उत्तराचं घरी बसलेल्या माणसानं काय करायचं?

यावरचा उपाय मी डेबियनवाल्यांकडून उचलला. डेबियन ही लिनक्सची एक मोठी बिरादरी आहे, त्यांची दरवर्षीची परिषद २०२३ साली कोचीला झाली होती. त्यांच्याकडे रेकॉर्डिंगचं सगळं काम स्वयंसेवकच करतात. कॅमेरा, आवाज, व्हॉक्टोमिक्स नावाच्या सॉफ्टवेअरवर स्लाइड आणि वक्ता एका चित्रात बसवणं, सगळं. त्यांच्याकडे टॉकमाइस्टर म्हणून एक माणूस असतो. तो वक्त्याची ओळख करून देतो, वेळ पाळतो आणि प्रश्नांकडे लक्ष ठेवतो. आमच्याकडे ओळख करून देणारा असतो, तो मान्यवरांची नावं वाचून खाली बसतो. मी निवेदिका असलेल्या विद्यार्थिनीला गाठलं. म्हटलं, ताई, तुम्ही खाली बसू नका. कोणी माइकशिवाय बोललं तर तो प्रश्न तुम्ही तुमच्या माइकवर परत म्हणा, जसाच्या तसा. त्या पोरीनं कमाल केली. दुसऱ्या दिवशी प्रश्न वऱ्हाडीत आला की ती वऱ्हाडीतच परत म्हणायची, एक शब्द इकडचा तिकडं नाही. नंतर नंतर तर लोक तिचा आवाज ऐकायलाच प्रश्न विचारतात की काय असं वाटायला लागलं.

परिषद संपल्यावर आयोजकांना काय हवं होतं, तर उद्घाटनाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ. दीपप्रज्वलन, सत्कार, हसरे चेहरे, मागं सनई. तो दिला, त्याचेच पैसे आधी मिळाले. भाषणांच्या फायलींचं कोणी विचारेना. मग गावागावांतून फोन यायला लागले, कोणी कोणाकडून नंबर घेतलेला. त्यातले बहुतेक व्हिडिओ मागत नव्हते. "भाऊ, नुसता आवाज पाठवा, वावरात आयकतो." बरोबरच आहे. ६ मेगाबिटनं रेकॉर्ड केलेलं तासाभराचं भाषण २.७ जीबी होतं, व्हॉट्सॲपवर २ जीबीच्या वरची फाइल जातच नाही, आणि जिथं रेंजच एका काडीची तिथं २०० एमबीसुद्धा उतरत नाही. तोच तास मोनो आवाजात, ६४ किलोबिटवर केला तर २९ एमबी होतो. माणसाचं बोलणं ऐकायला तेवढं भरपूर. प्रत्येक भाषणाची तशी फाइल केली, नावात सत्राचा विषय मराठीत लिहिला, कूलर जमेल तेवढा गाळला आणि पाठवून दिल्या.

तर दिग्रसकडच्या एका शेतकऱ्याचा परत फोन आला. गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यांवरचं, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग पकडणाऱ्या सापळ्यांवरचं, भाषण त्यांनी ऐकलं होतं, हेक्टरी पाच सापळे, सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ पतंग सापडले की पुढचं पाऊल उचलायचं, हे सगळं त्यांना पाठ झालं होतं. "पण भाऊ, मॅडम म्हणतात सापळा इतका वर बांधा. इतका म्हणजे किती?"

मी व्हिडिओ काढून पाहिला. मॅडमनी पडद्यावरच्या झाडाच्या शेंड्यावर हात धरून दाखवलं होतं. मला अंदाज आला, पण मी साउंडवाला, शेतीचा सल्ला मी कशाला देऊ? मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, पिकाच्या शेंड्यापासून साधारण फूटभर वर, आणि पीक वाढलं की सापळाही वर सरकवायचा. मग विचारलं, "म्हणजे त्या फायलीत हे नाहीच का?" म्हटलं, नाही मॅडम, फायलीत फक्त 'इतका' आहे. त्यांनी तिथल्या तिथं फोनवर ते वाक्य रेकॉर्ड करून पाठवलं. मी ते कापून भाषणात, त्या 'इतका'च्या लगेच पुढं जोडलं, आणि फाइल सगळ्यांना परत पाठवली. वक्त्यांना जो लॅपटॉपच्या फोटोचा मेसेज जातो, त्यात आता खाली एक ओळ असते: स्लाइडवर बोट ठेवून जे दाखवाल ते कृपया तोंडानंही सांगा, निम्मे श्रोते वावरात आहेत.